मातीतली अंगठी आणि तिची पारख

तोरण्याच्या धनाची हकीकत भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत घरोघरी ठाऊक आहे. शिवाजी महाराजांनी गड घेतल्यावर तेथे खणताना पुरलेले सोने हाती लागले, आणि ते दारूगोळा, शस्त्रे व राजगडाची बांधणी यांस खर्ची पडले, असे ग्रांट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. सोने कोणी व केव्हा पुरले, हे मात्र तो सांगत नाही. फार जुन्या काळी पुरलेले, एवढेच म्हणतो. धन सत्कारणी लागले, पण त्याची ओळख मागे राहिली नाही.

अशा या मुलुखात देवळाचा पाया खणताना किंवा शेताला बांध घालताना एखादी सोन्याची अंगठी वर येऊ शकते. तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. सोने खरे आहे काय, आणि अंगठी जुनी आहे काय?

पहिल्याचे उत्तर सराफ देतो. कसोटीवर रेघ ओढून, तेजाब लावून तो कस सांगतो. वजनानेही पडताळा घेता येतो. सोने पाण्याच्या १९.३ पट जड असते, तर पितळ सुमारे साडेआठ पट. म्हणून एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा शुद्ध सोन्याचा नग पाण्यात तोलला तर ०.६ ग्रॅमने हलका भरतो. तेवढ्याच वजनाचा पितळेचा नग जवळजवळ १.४ ग्रॅमने.

परंतु कस म्हणजे वय नव्हे. सोने गंजत नाही आणि जुने सोने आटवून नवा दागिना घडवता येतो. म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी घडण पाहावी लागते. हातोडीच्या खुणा, डाकाचा सांधा, बोटाच्या घर्षणाने झालेली झीज, हे सारे भिंगाखाली दिसते. मुद्रेची अंगठी असेल तर अक्षरे उलटी कोरलेली असतात, म्हणजे ठसा सुलटा उमटतो. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन साधारण कळतो. आत हॉलमार्कचा भारतीय शिक्का असेल तर प्रश्नच मिटला. आपल्याकडे ती पद्धत २००० साली सुरू झाली.

सर्वांत मोठा साक्षीदार मात्र भोवतीची माती. अंगठीबरोबर त्याच अबाधित थरात शिवराई मिळाली, तर ती १६७४ पूर्वी पुरलेली नाही एवढे निश्चित होते. शिवराई पुढेही दीर्घकाळ चालली, म्हणून ‘महाराजांच्या वेळची’ असे लगेच म्हणता येत नाही. रायगडावर २०२१ साली उत्खननात सोन्याची बांगडी मिळाली. अशा शास्त्रशुद्ध कामात वस्तूची जागा, खोली आणि सोबतचे अवशेष टिपून ठेवतात. त्या नोंदीवाचून ती केवळ काही ग्रॅम सोने ठरली असती.

म्हणून काही सापडल्यास काम थांबवावे. वस्तू घासू-पुसू नये. खोली मोजून, छायाचित्र काढून पंचांसमक्ष नोंद करावी. भीतीपोटी लपवू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील गुप्तधनाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. न दिल्यास शिक्षा आहे आणि वाटाही जातो. खबर दिल्यास मात्र मूळ धनी न निघाला तर, वेगळा करार नसताना, सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास एक चतुर्थांश वाटा मिळण्याची तरतूद आहे. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर सोन्याच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देते. पारखीसाठी पुण्यात डेक्कन कॉलेजसारखी संस्था आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

सराफाच्या मुशीत गेलेल्या अंगठीचे पैसे एका घराच्या एका वर्षाला पुरतील. नोंदीसह जपलेली अंगठी मात्र या गावात पूर्वी कोण राहत होते, हे पुढच्या पिढ्यांना सांगत राहील.