दोन हकीम, दोन तारे

ताऱ्यांनाही जन्म असतो आणि मृत्यू असतो, हे आज शाळेतली मुले पाठ्यपुस्तकात वाचतात. हजार वर्षांपूर्वी मात्र असे म्हणणे वेडेपणाचे ठरले असते. जन्म-मरण, झीज आणि नाश हे सारे चंद्राखालच्या जगात. त्यापलीकडचे आकाश अविनाशी, ही ॲरिस्टॉटलची शिकवण. अरबीत लिहिणाऱ्या बहुतेक विद्वानांनीही ती मानली होती. त्याच काळात दोन हकिमांनी दोन ताऱ्यांचे मरण नोंदवून ठेवले. आपण मरण नोंदवत आहोत, याची मात्र दोघांनाही कल्पना नव्हती.

पहिले अली इब्न रिझवान. इ. स. ९८८ मध्ये कैरोजवळच्या गिझा येथे त्यांचा जन्म झाला. वडील नानबाई होते; भट्टीवर घर चालायचे. शिकण्याची ओढ मोठी आणि खिसा रिकामा. इब्न रिझवान यांनी लोकांचे भविष्य सांगून पोट भरले आणि उस्ताद परवडत नव्हता म्हणून जालिनूस व बुकरात यांचे ग्रंथ स्वतःच वाचून हकिमी आत्मसात केली. पुढे हा नानबाईचा मुलगा इजिप्तचा मुख्य हकीम झाला.

शिक्षणाच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी वृश्चिक राशीत एक अपूर्व तारा पाहिला. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावर लिहिलेल्या भाष्यात त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. तारा शुक्राच्या अडीच-तीन पट मोठा दिसत होता, त्याच्या उजेडाने क्षितिज उजळले होते आणि तो उजेड चंद्राच्या पाव हिश्शाहून थोडा अधिक होता. एवढ्यावर न थांबता त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि ग्रह कोठे होते तेही त्यांनी लिहिले. मग ज्योतिषाच्या रिवाजाप्रमाणे लढाया, महागाई आणि दुष्काळ यांचे खापर त्या ताऱ्यावर फोडले.

दुसरे इब्न बुतलान, बगदादचे ख्रिस्ती हकीम. १०४९ मध्ये ते कैरोला आले आणि दोघांत वाद पेटला. सुरुवात झाली ती कोंबडीच्या पिल्लाची प्रकृती किती उष्ण, या प्रश्नावरून! पुढे वाद मुद्द्यावर आला. इल्म उस्तादाच्या तोंडून घ्यावा की किताबातून? इब्न बुतलान यांचे म्हणणे, उस्तादाशिवाय शिक्षण कच्चे. इब्न रिझवान यांच्या दृष्टीने हा त्यांच्या गरिबीवरच घाव होता. हमरीतुमरी इतकी वाढली की इब्न बुतलान यांनी त्यांना ‘जिन्नांची मगर’ म्हटले. हकिमाचा चेहरा देखणा असण्याची गरज नाही, असे इब्न रिझवान यांनी लिहिले.

अखेर इब्न बुतलान कैरो सोडून कॉन्स्टँटिनोपलला गेले. हिजरी ४४६ मध्ये, म्हणजे इ. स. १०५४ च्या सुमारास, मिथुन राशीत एक नवा तारा उगवल्याची आणि त्याच वर्षी त्या शहरात भयंकर साथ आल्याची नोंद त्यांनी केली. इब्न अबी उसैबिआ यांनी तेराव्या शतकात हकिमांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ती जपली गेली. चीनमधल्या निरीक्षकांनीही हा तारा टिपला. तेथील नोंदींनुसार तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता.

हे तारे होते तरी काय? सूर्यासारखा तारा पोटातला हायड्रोजन संपला की फुगून तांबडा राक्षसी तारा होतो, बाहेरचे थर झडतात आणि मागे श्वेत बटू उरतो. या बटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे जाऊ शकत नाही, हा हिशेब १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मांडायला घेतला. इब्न रिझवान यांनी पाहिला तो अशाच श्वेत बटूचा स्फोट. इब्न बुतलान यांचा तारा वेगळा. सूर्याहून कितीतरी जड असलेल्या ताऱ्याचा गाभा लोखंडाचा झाला की तो स्वतःच्याच भाराने कोसळतो, बाहेरचा भाग उधळला जातो. तो उधळलेला भाग म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ. त्याच्या मध्यभागी सेकंदाला तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा आहे, हे १९६८ मध्ये कळले.

१९६५ मध्ये बर्नार्ड गोल्डस्टीन या इतिहासकाराने इब्न रिझवान यांनी दिलेल्या ग्रहस्थितीवरून हिशेब केला. तारीख निघाली ३० एप्रिल १००६. नानबाईच्या मुलाने लिहिलेले आकडे साडेनऊशे वर्षांनंतर कामाला आले.

आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृत पंडिता डॉ. सरोजा भाटे यांनी अशा ताऱ्यांच्या नोंदी जुन्या भारतीय वाङ्मयात शोधल्या. पक्की नोंद हाती लागली नाही. ते तारे आपल्या आकाशातही उगवलेच असणार. कोणी लिहून ठेवले नाही, किंवा लिहिलेले टिकले नाही.

पूर्वजांच्या नावांचा अभिमान आपण जलशांत आणि भाषणांत खूप मिरवतो. त्यांचे सगळेच बरोबर होते, असे भासवतो. तसे नव्हते. दोघा हकिमांनी लावलेले अर्थ चुकीचे निघाले, त्यांचे भांडण ग्रंथांत पडून राहिले. उरली ती नोंद. एक मुसलमान, एक ख्रिस्ती; एक किताबातून शिकलेला, दुसरा उस्तादाकडून; एकमेकांचे तोंड न पाहणारे. पण डोळ्यांना दिसले ते दोघांनीही लिहून ठेवले. आपल्या घरातले एखादे पोर उद्या गच्चीवर वही घेऊन बसले, तर त्याला खाली बोलावण्याआधी एवढे आठवावे.