पावाचें वजन आणि पाववाल्याची रात्र

अन्नाचा इतिहास बहुधा खाणाराच्या बाजूनें लिहिला जातो. धान्य किती पिकलें, भाव काय होता, दुष्काळांत किती माणसें दगावलीं, याची नोंद सांपडते; परंतु तें अन्न ज्यानें भाजलें त्याचा दिवस कसा गेला, हें क्वचितच कोणी टिपून ठेवितो. आमच्याकडे यास एक कारणही आहे. आमची भाकरी घरच्या चुलीवर होते. ती भाजणारी आई, बहीण वा पत्नी असते, आणि तिच्या श्रमांचा हिशेब मांडण्याची चाल नाहीं. युरोपांतील शहरवासी माणूस मात्र फार पूर्वींपासून रोजचा पाव विकत घेत आला. त्यामुळें तेथें पाव भाजणें हा स्वतंत्र धंदा झाला, व त्याला कायदेही लागले. हे कायदे क्रमानें पाहिले असतां एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. समाजानें पाव काटेकोर तोलला. पाव भाजणाराचे तास मोजावयास मात्र त्यास शतकें लागलीं.

रोम शहरांत पोर्ता माज्जोरे या वेशीपाशीं इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील एक भव्य थडगें उभें आहे. तें युरिसाकेस नांवाच्या पावाच्या कंत्राटदाराचें. त्यावर धान्य दळणें, कणीक मळणें, पाव भट्टींत घालणें, तोलणें, अशीं दृश्यें कोरलेलीं आहेत. मालकाचें नांव दगडावर राहिलें. त्या दृश्यांत वांकून राबणारे मात्र निनांवी आहेत.

इंग्लंडांत तिसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १२६६ च्या सुमारास, पाव व बीयर यांविषयींचा प्रसिद्ध निर्बंध झाला. त्याची योजना आज उलटी वाटेल. पावाची किंमत कायम ठेवावयाची आणि गव्हाचा भाव चढेल तसें पावाचें वजन कमी करावयाचें, असा तो नियम होता. कोणत्या भावास किती वजन, याचें कोष्टकच ठरलेलें असे. वजनांत कसर करणाऱ्या पाववाल्यास लंडनमध्यें ताटीवर निजवून व गळ्यांत तोच हलका पाव अडकवून घोड्यामागें भर रस्त्यांतून ओढीत नेत. पुन्हां सांपडल्यास चव्हाट्यावर खोड्यांत उभा करीत. ही पद्धति लंडनांत १८२२ त व इतरत्र १८३६ त मोडली. म्हणजे साडेपांचशें वर्षांहून अधिक काळ पाव सरकारच्या तराजूंत होता.

राज्यकर्त्यांस एवढी जागरूकता कां होती, हें फ्रान्सकडे पाहिलें म्हणजे कळतें. ५ ऑक्टोबर १७८९ रोजीं पॅरिसच्या स्त्रिया पावासाठीं व्हर्सायवर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशीं राजा, राणी व युवराज यांस घेऊन परतल्या. 'पाववाला, पाववालीण आणि पाववाल्याचा पोर' अशीं नांवें जमावानें त्यांस दिलीं. पुढें २१ ऑक्टोबरला, पाव दडवून ठेविल्याच्या संशयावरून, फ्रांस्वा नांवाच्या एका खऱ्याखुऱ्या पाववाल्यास लोकांनीं ठार केलें. पोटाची आग प्रथम भट्टीवाल्याच्या दारीं जाते व तेथून राजवाड्यावर, हें सर्व सरकारें ओळखून होतीं.

पण भट्टीच्या आंतील माणसाचें काय? कणकेंत खमीर चढावयास कांहीं तास लागतात. मग वळणें, पुन्हां फुगूं देणें, भाजणें. आणि गिऱ्हाइकास न्याहारीला ऊन पाव पाहिजे. उलट मोजीत गेलें कीं कामाचा आरंभ मध्यरात्रीच्या आसपास येतो. १८६२ त ट्रेमेनहीर या अधिकाऱ्यानें लंडनच्या पाव-कामगारांच्या तक्रारींची चौकशी केली. तींत दिसलेली रात्र अशी: अकराच्या सुमारास कामगारानें कामावर यावें, कणीक मळावी, काठवटीच्या झांकणावरच एक पोतें अंथरून व दुसरें उशाला घेऊन तासदोन तास डोळा लावावा, आणि उठून सकाळपर्यंत भट्टीपाशीं राबावें, त्यानंतर कित्येकांस टोपल्या घेऊन घरोघर पाव पोंचवावयासही जावें लागे. पुढील वर्षीं कायदा झाला. त्यानें भट्टीखान्यांची सफाई व रंगसफेती आवश्यक केली. परंतु रात्रीं नऊपासून पहांटे पांचपर्यंतची मनाई फक्त १८ वर्षांखालील मुलांपुरती ठेविली. प्रौढांची रात्र होती तशीच राहिली.

अमेरिकेंत हेंच नाट्य अधिक उघडपणें घडलें. न्यूयॉर्क राज्यानें १८९५ त पावाच्या कारखान्यांसाठीं कायदा केला. मोऱ्या, फरशी, छत यांविषयींच्या कलमांबरोबर त्यांत एक नवें कलम होतें: कामगारास दिवसास १० व आठवड्यास ६० तासांहून अधिक काम देऊं नये. युटिका गांवच्या जोसेफ लॉक्नर या मालकास हें मोडल्याबद्दल ५० डॉलर दंड झाला व तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याची बाजू मांडणारा हेन्री वाइसमन हा पूर्वीं पाव-कामगारांच्या संघाचा पुढारी असून ह्याच कायद्यासाठीं झटला होता! १७ एप्रिल १९०५ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं मालक जिंकला. करार करण्याचें स्वातंत्र्य हिरावून घ्यावें इतका हा धंदा अपायकारक नाहीं, असें न्या. पेकहॅम यांनीं ठरविलें. न्या. हार्लन यांनीं पिठाच्या धुळीनें होणारे छातीचे विकार व जागरणें यांकडे बोट दाखविलें. राज्यघटना कोणत्याही एका अर्थशास्त्रीय मताची बांधलेली नसते, असें न्या. होम्स यांनीं बजाविलें. तरीही तासांचें कलम रद्द झालें, स्वच्छतेचीं राहिलीं. करारस्वातंत्र्य हा शब्द आम्हां इंग्रजी विद्या शिकलेल्यांस मोठा प्रिय. पण ज्यास उद्यांची चूल पेटवावयाची आहे, तो 'दहा तासांवर राबणार नाहीं' असें म्हणावयास कितीसा स्वतंत्र?

पॅरिसच्या कम्यूननें २० एप्रिल १८७१ रोजीं रात्रीचें पाव-काम बंद केलें होतें. पण मे महिना संपण्यापूर्वींच कम्यून बुडालें. फ्रान्समध्यें तसा कायदा १९१९ त झाला. १९२५ त जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें ह्याच विषयावर स्वतंत्र करार संमत केला. त्यांतील मनाई कामगारांप्रमाणेंच मालकांसही लागू होती. यांत मर्म आहे. एका दुकानाची भट्टी रात्रीं पेटली कीं शेजाऱ्यास आपली पेटवावीच लागते; सर्वांनीं मिळून विझविली तरच सर्वांस झोंप मिळते.

आमच्या किनाऱ्यावर हा धंदा पोर्तुगीजांबरोबर आला. गोवा त्यांनीं १५१० त घेतलें; 'पाव' आणि 'पोदेर' हे शब्द त्यांच्याच भाषेंतले. गोंयकारानें माडाच्या सुरेनें कणीक फुगविली आणि सकाळीं दारोदार फिरणाऱ्या पोदेराला आपलेंसें केलें. महाराष्ट्रांत मात्र प्रश्न निघाला तो वजनाचा नव्हे, शिवाशिवीचा. १८९० त पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांचें निमित्त होऊन रानडे-टिळकांसारख्यांसही ग्रामण्यास तोंड द्यावें लागलें. कोणाच्या हातचें, हें आम्ही कसून विचारलें. तो हात रात्रीं किती वाजतां कामास लागला, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. इंग्रजानें तराजू धरला, आम्ही सोंवळें धरलें; दोघांचीही दृष्टि खाणारापाशींच थांबली.

आतां शीतपेटींत कणीक ठेवून तिचें फुगणें मंद करितां येतें व सकाळीं भट्टी लावितां येते. म्हणजे रात्रभर माणूस जागा ठेवणें ही पावाची गरज उरलेली नाहीं. ती पुष्कळ अंशीं गिऱ्हाइकाची संवय आहे. न्याहारीचा पाव दोन तास उशिरां मिळाला तर आपलें काय बिघडेल, याचा विचार ज्या दिवशीं गिऱ्हाईक करूं लागेल, त्या दिवशीं ह्या धंद्याचा इतिहास भाजणाराच्या बाजूनें लिहावयास खरा आरंभ होईल.