बोगद्यामागची रात्र

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, अगदी दक्षिणेला, हाकोदाते हे बंदर आहे. १८५४ च्या करारानं अमेरिकी जहाजांसाठी जी दोन बंदरं खुली झाली, त्यांतलं हे एक, दुसरं शिमोदा. शाळेच्या पुस्तकापुरती ही ओळख पुरेशी आहे. मला मात्र या शहराचा इतिहास समोरच्या त्सुगारू सामुद्रधुनीत शोधावासा वाटतो.

पलीकडे होन्शू बेटावरचं आओमोरी. १९०८ पासून या दोन गावांमध्ये रेल्वेच्या बोटी चालत. पुढे तर मालाचे डबेच रुळांवरून बोटीच्या पोटात जाऊ लागले. त्यासाठी बोटीची मागची बाजू उघडी असे. सोय मोठी होती, धोकाही तिथंच होता.

२६ सप्टेंबर १९५४. वादळ येतंय म्हणून ‘तोया मारू’ची दुपारची फेरी थांबवलेली. संध्याकाळी पाचच्या सुमारास पाऊस थांबला, आभाळ उघडलं. कप्तान अनुभवी. वादळाचा मध्य डोक्यावरून जातोय, आता जोर ओसरेल, असा त्याचा अंदाज. साडेसहानंतर बोट निघाली. प्रत्यक्षात वादळाचा मध्य अजून पश्चिमेच्या समुद्रावरच होता. बंदराबाहेर पडताच वाऱ्यानं बोटीला गाठलं. नांगर धरेना. मागून पाणी शिरलं, यंत्रं बंद पडली आणि किनाऱ्यापासून काही शे मीटरवर बोट उलटली. १,१५५ माणसं गेली. त्यांत कप्तानही होता. त्याच रात्री आणखी चार रेल्वेबोटी बुडाल्या. पाचही बोटींवरचे मृत्यू १,४३०.

कप्तानाला दोष देऊन मोकळं होता येईल. पण वरून वादळ दाखवणारे उपग्रह तेव्हा नव्हते. दोन बेटांमधली एवढी वाहतूक एका माणसाच्या आभाळ वाचण्यावर सोडलेली होती, ही खरी चूक, असं मला वाटतं.

समुद्राखालून बोगदा काढण्यासाठी पाहणी १९४६ सालीच सुरू झाली होती. या रात्रीनंतर त्या कल्पनेला निकड आली. १३ मार्च १९८८ रोजी ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा खुला झाला. त्यातले २३.३ किलोमीटर समुद्रतळाखाली आहेत. नावातला ‘सेइ’ आओमोरीचा, ‘कान’ हाकोदातेचा. खोदकामात ३४ कामगारांनी जीव गमावला. सुरक्षित वाटेचा हिशेब मांडताना तेही धरायला हवेत.

बोगदा खुला झाला त्याच दिवशी रेल्वेबोटींची ऐंशी वर्षांची नियमित सेवा थांबली. खासगी फेरीबोटी आजही जातात. २०१६ मध्ये बोगद्यातून शिंकानसेन धावू लागली. तिचं स्थानक मात्र शेजारच्या होकुतो शहरात आहे. ज्या बंदरात उतरल्याशिवाय एके काळी रेल्वेनं होक्काइदो गाठता येत नसे, ते आता वेगवान गाडीच्या वाटेवरून थोडं बाजूला पडलंय.

हाकोदातेच्या धक्क्याला ‘माशू मारू’ ही जुनी रेल्वेबोट संग्रहालय म्हणून बांधून ठेवली आहे. बोगद्याचं कौतुक करणाऱ्यानं आधी ती बोट पाहावी. बोगदा कशासाठी लागला, ते तिथं कळतं.