गृहकर्ज हप्त्याची संगणकीय आकडेमोड

गृहकर्जाचा समान मासिक हप्ता (प्रचलित संक्षेप : ईएमआय) म्हणजे मुद्दल व तिच्यावरील व्याज यांची ठरावीक मुदतीत संपूर्ण फेड व्हावी, अशा रीतीने काढलेली दरमहाची एकसारखी रक्कम. ही आकडेमोड मायक्रोसॉफ्ट एक्सेल, गूगल शीट्स किंवा विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क यांसारख्या साध्या स्प्रेडशीटवर करता येते.

सूत्र

मुद्दल 'मु', मासिक व्याजदर 'द' आणि हप्त्यांची संख्या 'सं' मानल्यास :

हप्ता = मु × द × (१ + द)^सं ÷ [(१ + द)^सं − १]

मासिक दर म्हणजे वार्षिक दराचा बारावा भाग. स्प्रेडशीटमधील 'पीएमटी' या फंक्शनला मासिक दर, हप्त्यांची संख्या व मुद्दल या क्रमाने दिल्यास हप्ता मिळतो. उत्तरामागे ऋण चिन्ह येते. ती चूक नसून, रक्कम कर्जदाराकडून जाणार असल्याची ती खूण आहे. दर बाराने भागायचा राहिला, तर मात्र उत्तर भलतेच येते.

फेडीचा तक्ता

३०,००,००० रुपयांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. नुसत्या या आकड्यावरून कर्जाचे खरे स्वरूप कळत नाही. त्यासाठी महिनावार तक्ता मांडावा लागतो. एका ओळीत शिल्लक मुद्दल, तिच्यावरील त्या महिन्याचे व्याज, हप्त्यातून व्याज वजा जाता उरलेली मुद्दलफेड आणि नवी शिल्लक, असे चार रकाने असतात. नवी शिल्लक पुढील ओळीच्या आरंभी घेऊन तीच ओळ २४० महिन्यांपर्यंत खाली ओढली की तक्ता पूर्ण होतो.

वरील उदाहरणात पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते ती जेमतेम ४,७८५ रुपये. दहा वर्षे, म्हणजे निम्मी मुदत संपल्यावरही सुमारे २१ लाख रुपये देणे उरते. संपूर्ण मुदतीत दिलेले व्याज सुमारे ३२.४८ लाख, अर्थात मुद्दलीहून अधिक भरते.

दरबदलाचा परिणाम

भारतात बहुतांश गृहकर्जे बदलत्या दराची असतात. दर वाढल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत वाढवण्याची प्रथा रूढ असल्याने वाढीचा भार कर्जदाराच्या चटकन लक्षात येत नाही. नवी मुदत 'एनपर' या फंक्शनने काढता येते. वरील कर्जाचा दर आरंभीच ९.५ टक्के झाला व हप्ता बदलला नाही, तर २४० ऐवजी ३०९ हप्ते लागतात. दर १०.५ टक्के झाल्यास पहिल्या महिन्याचे व्याजच २६,२५० रुपये होते. हप्ता त्याहून कमी असल्याने कर्ज फिटण्याऐवजी वाढत जाते आणि एनपर उत्तराऐवजी त्रुटी दाखवते. मुदतवाढीमुळे अशी स्थिती ओढवू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात बजावले. दरबदलाच्या वेळी हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे हा पर्याय कर्जदाराला देण्यासही सांगितले.

मुदतपूर्व फेड

याच तक्त्यात बाराव्या हप्त्यानंतर शिल्लक मुद्दलीतून एक लाख रुपये वजा केले, तर त्याच हप्त्याने कर्ज सुमारे १८ महिने आधी संपते. व्यक्तींनी घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.