मुंबई बेटाचें अन्न आणि शहापूर-मुरबाडचीं खाचरें

मुंबई मूळची सात बेटांची. बेटें जोडलीं गेलीं, नगरी वाढली. परंतु तिच्या पोटास पुरेल इतकें धान्य तिच्या भूमींत पिकणें शक्यच नव्हतें. तें बाहेरून येई, आणि त्यांत ब्रह्मदेशच्या तांदुळाचा वाटा मोठा असे. मार्च १९४२ मध्यें जपानी सैन्यानें रंगून घेतलें आणि ही वाट बंद झाली. मे १९४३ मध्यें मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. प्रांतांतील शेतकऱ्यांवर सक्तीची धान्यवसुली आली.

नगरीच्या पाठीशींच शहापूर व मुरबाड हे भाताचे तालुके. पण येथील शेती पावसावरची. उन्हाळ्यांत राब भाजावा, आषाढांत आवणी करावी, दिवाळीच्या सुमारास कापणी. वर्षास पीक बहुधा एकच. डोंगरउतारावरील ठाकूर-कातकऱ्यांचें जेवण तर नाचणी-वरीचें. अशा घरांत शिल्लक ती किती असणार?

शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस मिळत आहे. पुढें त्यांत भातसाचीहि भर पडली. तरी उन्हाळ्यांत ह्याच तालुक्यांतील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात, आणि कित्येक खाचरें दुसऱ्या पिकावांचून कोरडीं राहतात.

समुद्रमार्ग तुटला म्हणजे बेटाला शेजारच्या शेतकऱ्याची आठवण होते. मार्ग मोकळा झाला, कीं ती बुजते. बेटाचें परावलंबन टळणारें नाहीं. पण ज्याच्याकडे अडचणींत हात पसरावयाचा, त्याच्या शेताला सुकाळांत पाणी पोहोंचविणें आपल्या हातीं आहे.