‘खोलीचे तापमान’ : चाकण-नारायणगाव परिसरातील वाइनच्या संदर्भात एका संकेताचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

अन्नपानाचा इतिहास हा केवळ पदार्थांचा इतिहास नसतो. ते पदार्थ कोणत्या हवामानात, कोणत्या साधनांनी व कोणत्या संकेतांनुसार दिले जात, याचाही तो इतिहास असतो. ‘तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा असाच एक बहुश्रुत संकेत होय. हा संकेत कोठे निर्माण झाला आणि पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात येताना त्याचा अर्थ कसा बदलला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. मद्यपानाचा पुरस्कार हा निबंधाचा हेतू नाही.

संकेताचा उगम

फ्रान्समध्ये वाइन तळघरात, साधारणतः १० ते १२ अंश सेल्सिअस तापमानात साठविली जात असे. तांबडी वाइन जेवणापूर्वी काही काळ वर आणून ठेवीत. या क्रियेस ‘शांब्रे’, म्हणजे खोलीशी जुळवून घेणे, असे नाव पडले. त्या काळी घरे केवळ शेकोटीवर ऊब धरीत. त्यामुळे खोलीचे तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपासच असे. मूळ संकेत वाइन किंचित उबदार करण्याचा होता. एप्रिल-मे महिन्यांत पुणे परिसरात दुपारचे तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत जाते. येथे तोच शब्दार्थ पाळला, तर संकेताचा मूळ हेतूच उलटा होतो.

भारतातील शीतकरणाची परंपरा

उष्ण प्रदेशात पेय थंड करण्याचा प्रश्न नवा नव्हता. मुघल दरबारात सोरा पाण्यात विरघळवून त्यात पाण्याचे भांडे फिरवीत, असे वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे. सोरा विरघळताना उष्णता शोषली जाते, हे त्यामागील तत्त्व होय. सच्छिद्र सुरई व ओले फडके ही सामान्य घरांतील साधने बाष्पीभवनावर आधारलेली होती. १८३३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील बर्फ जहाजाने कलकत्त्यास व पुढील वर्षी मुंबईस पोहोचला. पुढे यंत्रनिर्मित बर्फाने हा व्यापार संपविला. थंड पेय हे श्रीमंतीचे लक्षण न राहता तंत्रज्ञानाचा विषय बनले, ते या टप्प्यावर.

पुणे-नाशिक मार्ग : उद्योग आणि द्राक्षमळे

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिकीकरणास गती मिळाली. पिंपरीत केएसबी, चिंचवडला एसकेएफ अशा युरोपीय संबंध असलेल्या कंपन्या आल्या. २००९ मध्ये चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. परदेशी अभियंत्यांच्या वास्तव्यामुळे त्यांच्या भोजनपद्धतींशी या पट्ट्याचा परिचय वाढणे स्वाभाविक होते.

याच मार्गावर, चाकणपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात वाइननिर्मितीचा उद्योग उभारला. फ्रान्समधील पायपर-हाइडसीक या कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने तेथे ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन तयार झाली व परदेशी पाठविली गेली. २००८ नंतरच्या आर्थिक अडचणींत हा उद्योग टिकला नाही. तथापि महाराष्ट्रातील आधुनिक वाइन व्यवसायाच्या इतिहासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली.

तापमानाचे शास्त्र आणि व्यवहार

महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची तोडणी प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या काळात, शक्यतो पहाटेच्या गारव्यात होते. पांढऱ्या वाइनचे किण्वन शीतकरण केलेल्या पोलादी टाक्यांत साधारणतः १५ अंशांच्या आसपास करतात; अन्यथा सुगंधी घटक उडून जातात. मळ्यापासून टाकीपर्यंत जपलेले हे तापमान गोदामात, टेम्पोत वा दुकानाच्या फळीवर सुटले, तर शेतकरी व तंत्रज्ञ या दोघांचेही श्रम वाया जातात. दोष मात्र द्राक्षाच्या माथी मारला जातो.

वाइन देताना फेसाळ प्रकारास ६ ते ८, पांढऱ्यास ८ ते १२ व तांबड्यास १४ ते १८ अंश हे तापमान सामान्यतः योग्य मानले जाते. उष्णतेने मद्यार्काचा उग्र वास पुढे येतो. अतिथंडीने सुगंध दबतो आणि तांबड्या वाइनचा तुरटपणा वाढतो. थंड द्रवात कर्बवायू अधिक विरघळलेला राहत असल्याने फेसाळ वाइन गार ठेवणे आवश्यक ठरते. वातानुकूलित दालनाचे २४ अंश तापमानही तांबड्या वाइनला अधिकच होय. बाटली नुसत्या बर्फात ठेवण्यापेक्षा बर्फ व पाणी यांच्या मिश्रणात ठेवल्यास लवकर गार होते. कारण पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते.

समारोप

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दालनांत वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला. त्या वादात नैतिकता व शेतकऱ्याचे उत्पन्न हे मुद्दे अग्रभागी होते. साठवणुकीच्या तापमानाचा प्रश्न मागेच राहिला. वस्तुतः शेतकऱ्याच्या हिताशी त्याचाही थेट संबंध आहे. संकेत एका हवामानातून दुसऱ्या हवामानात जातात, तेव्हा शब्द तसेच राहतात आणि अर्थ बदलतो. म्हणून ‘खोलीचे तापमान’ या शब्दप्रयोगाऐवजी अंशांत सांगितलेले तापमान हेच या प्रदेशात ग्राह्य मानणे इतिहासदृष्ट्या व व्यवहारदृष्ट्या उचित ठरेल.