वचन आणि वही

आमच्या वर्गात एक तक्रारपेटी आहे. “नाव खुशाल लिहा, मी कुणाला सांगणार नाही,” असे मी मुलांना सांगत असे. पण वरून विचारणा झाली तर? या प्रश्नाचे उत्तर मला फिनलंडच्या इतिहासात सापडले.

हेलसिंकीच्या योहान हेलसिंगिउस या गृहस्थांनी १९९३ साली निनावी ई-पत्रांचे एक टपालघर उघडले. पत्रावरचे नाव काढायचे, तिथे क्रमांक घालायचा आणि पत्र पुढे धाडायचे. उत्तर परत पोचावे म्हणून कोणता क्रमांक कोणाचा, याची वही मात्र जपावीच लागे. जगभरच्या लाखो माणसांनी त्या वहीवर विश्वास टाकला.

१९९५ मध्ये सायंटॉलॉजी पंथाने आपले कागद चोरीला गेल्याची फिर्याद अमेरिकेत केली, आणि पोलीस उभे राहिले ते हेलसिंकीत! सारी वही जाऊ नये म्हणून हेलसिंगिउस यांनी एकच पत्ता दिला. १९९६ मध्ये तिथल्या न्यायालयाने पुन्हा पत्ता देण्याचा हुकूम केला, तेव्हा त्यांनी ऑगस्टअखेर टपालघर बंद केल्याचे जाहीर केले.

पुढे २०२१ साली स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनमेललाही, फ्रान्सच्या मागणीवरून निघालेल्या स्विस हुकमाने, एका फ्रेंच कार्यकर्त्याचा संगणकी पत्ता नोंदवून द्यावा लागला.

माणसे प्रामाणिकच होती. पण वचन माणसाचे असते, वही ज्या देशात असते त्या देशाच्या कायद्याची!

हल्ली मी मुलांना सांगतो, “बाळांनो, नाव लिहूच नका.”